खालच्या वाडीतले पांढरे कॅन

कोळवण,
रविवार

प्रिय अभय,

जयभीम. काल फोनवर तू तिसऱ्यांदा म्हणालास, ताई, सही करून टाक, रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत, फार तर एक ताकीद मिळेल. मी मधेच फोन ठेवला म्हणून रागावला असशील. खुशाल रागाव. सही मी करणार नाही. हे सुरुवातीलाच लिहिते, म्हणजे बाकीचं पत्र तरी तू नीट वाचशील.

नोटिशीत काय लिहिलंय ते तू विचारलंच नाहीस. लस थंड ठेवण्यात मी हयगय केली, त्यामुळे खालच्या वाडीतल्या पोरांना लस लागूच झाली नाही, असं त्यांना माझ्याकडून कबूल करून हवंय. पावसाळ्यात गोजराबाईंच्या वैष्णवीला घटसर्प झाला. सहा वर्षांची पोर. कार्डावर सगळे डोस, सगळे माझ्या हातचे. घशात पांढरा पापुद्रा धरला होता, श्वास घेताना शिट्टी वाजायची. पुण्यात अठरा दिवस काढून ती परत आली, वाचली. मग दोन्ही वाड्यांतल्या पोरांचं रक्त तपासलं. वरच्या वाडीची पोरं ठणठणीत निघाली. खालच्या वाडीत चौदातल्या अकरा पोरांच्या अंगात घटसर्पाशी लढायला जवळपास काहीच नव्हतं. नोटीस काढणाऱ्या साहेबांचं गणित सोपं: बाई आधी वर जातात, दोन तासांनी खाली उतरतात, तोवर डबा गरम होतो. एकोणतीस वर्षं तो लसीचा डबा मी खांद्याला लावून हिंडते आहे. डाव्या खांद्यावर पट्ट्याचा काळा वळ पडलाय, तो आता सरणावरच जाईल. वड्याचं तेल वांग्यावर काढायला यांना माझाच खांदा बरा सापडला.

मी काही रडत बसले नाही, रजिस्टर काढून बसले. एका कुपीत दहा पोरांची लस असते. वाड्या एवढ्याशा, म्हणून एकच कुपी दोन्हीकडे पुरते. उन्हाळ्या-हिवाळ्यात मी वरून सुरुवात करते, कारण चढ आधी संपवलेला गुडघ्यांना बरा. पण पावसाळ्यात वरचा रस्ता खचतो, एसटी खालच्या फाट्यालाच सोडते, मग मी खालून सुरुवात करते आणि उरलेली कुपी वर नेते. पावसाळ्यात लस घेतलेली पोरं मी वेगळी काढली. तिथेही वरची चांगली, खालची रिकामी. लस डब्यात गरम झाली असती तर उलटं व्हायला हवं होतं. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, रजिस्टर काय, घरी बसूनही भरता येतं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर उभी राहत नाही, खुर्चीत बसूनच बोलते.

मग डॉ. मृण्मयी आली, रक्त तपासणाऱ्या गटातली. तिने वेगळंच विचारलं. दोन वाड्यांत फरक कशाचा आहे? फरक पाण्याचा. वर झऱ्याचं पाणी पाइपने घरात येतं, खाली विहिरीवरून आणून साठवावं लागतं. तिने विहिरीचं पाणी नेलं आणि घरात साठवलेलंही नेलं. विहीर स्वच्छ निघाली. साठवलेल्या पाण्यात फ्लोरिनची ती रसायनं होती, माणसाने बनवलेली, जी कुजत नाहीत, उकळून जात नाहीत, अंगात शिरली की वर्षानुवर्षं रक्तात मुक्काम करतात. न चिकटणाऱ्या तव्याची, पाणी न धरणाऱ्या कापडाची ही भावंडं. तेलाची आग विझवायच्या फेसातही असतात. लहान पोराच्या अंगात ती साठली, की लस टोचूनही शरीर तिचा धडा कच्चाच शिकतं, असं बाहेरच्या देशांत पोरांची रक्तं तपासून दिसलंय म्हणे. मृण्मयी प्रामाणिक आहे. एकट्या वैष्णवीला यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, म्हणाली. पण अकरा पोरांकडे बघून गप्पही बसता येणार नाही, हेही तीच म्हणाली.

आता कॅनचं. तू हे वाक्य कधी येतं याचीच वाट बघत असशील. सात वर्षांपूर्वी खालच्या वाडीत गॅस्ट्रोची साथ आली, तेव्हा घट्ट झाकणाच्या भांड्यांसाठी तुझ्यामागे लकडा मीच लावला होता. तू तुझ्या कंपनीतले, आग विझवायच्या फेसाचे रिकामे कॅन आणलेस, वीस-वीस लिटरचे, पांढरेशुभ्र, साठ नग. मी ते घरोघर वाटले. दोन माझ्याही ओट्यावर ठेवले. राखेने घासले, साबणाने घासले, तरी आठवडाभर फेस येत होता. गोजराबाई म्हणाल्या होत्या, "बाई, ह्यो साबण लई चिवट हाय, जाता जाईना." मी म्हटलं, अजून तीन पाणी मारा. ज्या बायका कळशी सोडायला तयार नव्हत्या त्यांना मी झापलंसुद्धा. गॅस्ट्रो थांबला, माझा सत्कार झाला, तू शाल आणली होतीस. त्यात विष आहे हे तुला ठाऊक होतं असं मी म्हणत नाही. पण कॅनवरची लेबलं तू एकेक करून खरवडून काढली होतीस, कंपनीचं नाव गावात नको म्हणून. आणि गेल्या महिन्यात त्या फेसात काय काय असतं त्याचा कागद मागितला, तेव्हापासून तुझं सही कर, सही कर सुरू झालं. आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून महिनाभर मी गप्प राहिले, आणि त्याची मला लाज वाटते.

कॅन मी परत गोळा केले आहेत. गोजराबाईंच्या अंगणात बसून त्यांना सगळं सांगितलं, माझ्यापासून सुरुवात करून. वाटलं होतं, चप्पल काढतील. त्या बराच वेळ वैष्णवीची वेणी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुई तुमची, कॅन बी तुमचंच. मंग आता तोंड बी तुमीच उगडा." तेव्हा उद्या ग्रामसभेत मी उभी राहणार आहे. लस चांगली होती हे सांगणार, नाहीतर उद्यापासून कोणी पोर माझ्याकडे आणणार नाही. आणि कॅन कोणी मागितले, कोणी दिले, तेही सांगणार. नोकरीचे आठ महिने त्यांना हवे तर घेऊ देत.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पत्र लिहून आजच्याच एसटीने हातोहात पाठवते आहे, कारण पुढचं ऐकताना तू फोन ठेवला असतास. नोटिशीच्या उत्तराला मी त्या अकरा मुलांची यादी जोडली होती. काल तिच्यात बारावं नाव घातलं. तुझ्या आणि जान्हवीच्या शिफ्ट म्हणून तुझी लेक जन्मल्यापासून तीन वर्षं माझ्याकडे वाढली, माझ्या ओट्यावरचं पाणी पिऊन. दिवाळीत ती आली, तेव्हा जान्हवीला विचारून मी तिचंही रक्त दिलं. तुला सांगायचं नाही असं जान्हवीला मीच बजावलं होतं, तिच्यावर चिडू नकोस. प्रियूचा आकडा वैष्णवीपेक्षाही कमी आला आहे. डोस पुन्हा द्यावा लागेल, वर्षाने पुन्हा तपासावं लागेल, आणि फेसाचा तो कागद मृण्मयीला तुझ्याकडूनच मिळायला हवा. तू उद्या ये किंवा नको येऊस, तो तुझा प्रश्न. मी मात्र यादीत कोणाचंच नाव अर्धवट ठेवलेलं नाही. प्रत्येक पोराच्या नावापुढे बापाचं नाव लिहायचं असतं, तसं तिच्याही नावापुढे लिहिलं आहे: प्रियदर्शिनी अभय.

तुझीच,
गौतमीताई