वीस त्रिक साठ

३ फेब्रुवारी
जानेतच्या विमानतळावर उतरताना आज आकडा चुकला. चोवीस हजार फुटांवर होतो, वीस हजार उतरायचे. हजारामागे तीन मैल — म्हणजे साठ मैल आधीपासून सुरुवात, वर वेग कमी करायला दहा. तीस वर्षं हे मी यंत्राच्या आधी तोंडी सांगत आलो. आज म्हणालो, चाळीस.

सहवैमानिक ताऊस हळूच म्हणाली, "कॅप्टन, वीस त्रिक साठ."

तुझी परीक्षा घेत होतो, म्हणालो. ती हसली नाही.

४ फेब्रुवारी
सुट्टी. माझी बायको झुलिखा, तिला जाऊन चार वर्षं झाली, तरी दुकानात गेलो की पाव दोन घेतो. दिवसभरात तेवढंच बोललो — "दोन द्या."

९ फेब्रुवारी
स्वयंपाकघरात बसून उजळणी केली. अठरा त्रिक चोपन्न. जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग दोनशे ऐंशी — निम्मा करून पुढे शून्य, मिनिटाला चौदाशे फूट उतरायचं. सगळं बरोबर! त्या दिवशी दमलो होतो, बस्स.

१६ फेब्रुवारी
दमण्याचं नाही हे.

तमनरासेतचा विमानतळ. हवेत धूळ. टॉवरने आम्हाला बराच वेळ वरच ठेवलं, मग एकदम सरळ या म्हणाले. चाळीस मैल उरलेले, सोळा हजार फूट उतरायचे. सोळा त्रिक — आणि पुढे काही नाही. आठवेना असं नव्हे. तिथे काही नव्हतंच. ताऊसने दोनदा हाक मारली म्हणे. मला ऐकू आली नाही. मग "मी घेते" म्हणून तिने विमान हातात घेतलं, टॉवरकडे आणखी एक फेरी मागितली, अलगद उतरवलं. बेचाळीस माणसं. उतरताना एका म्हातारीने दुवा दिली ती मला.

सगळे गेल्यावर ताऊस शिडीपाशी थांबली. उन्हाळ्यापासून ती माझे आकडे सावरतेय, हे तेव्हा तिने सांगितलं. मला वाटत होतं, एकदाच झालं.

"मी आज कार्यालयाला काही लिहून देणार नाही, कॅप्टन. पण सोमवारी तुमच्या शेजारी बसणारही नाही."

१७ फेब्रुवारी
कालची पोर! उतरायला मी शिकवलं तिला. फोन दोनदा वाजला, उचलला नाही.

१८ फेब्रुवारी
विमान नाही तर मग मी सकाळी उठून जायचं कुठे?

२० फेब्रुवारी
कार्यालयाला पत्र मीच लिहिलं — आकडे चुकतात, डॉक्टरांना दाखवतो, तोवर उडवणार नाही. चार ओळी, सगळी सकाळ गेली. मग ताऊसला फोन करून सांगितलं.  तिने विचारलं, जेवलात का? खोटं बोललो.

२ मार्च
सोबत कुणाला तरी आणा, असं डॉक्टरांनी कळवलं होतं. ताऊस आली. शंभरातून सात वजा करत जा, डॉक्टर म्हणाले. त्र्याण्णव. पुढे अडलो. तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण तिने आकडा सांगितला नाही.

"येत नाही," मी म्हणालो.