लिहिले अडीच तास, झाले पाच

३ नोव्हें., मेहकर
मायच्या रक्तात यीस्ट निघालं, म्हणजे बुरशी. मी नोकरी करते त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये, माझ्याच हातून. कापूस वेचताना बोट चिघळलं, त्यात शुगर, अठरा दिवस सलाईन नि अँटिबायोटिक. आता जात कोणती ते उद्या पाहायचं. नेहमीच्या जातीवर साधं औषध चालतं. काहींवर ढिम्म चालत नाही.

४ नोव्हें.
यीस्ट सीरममध्ये घालून ट्यूब ३७ डिग्रीला ठेवायची, अडीच तास. नेहमीची जात असेल तर पेशीतून सरळ नळी फुटते. बाकीच्यांना नुसती कळी, मानेशी आवळलेली. सकाळीच लाइन गेली, लोडशेडिंग. अशा वेळी करतो तसं ट्यूब अंगाच्या उबेला काखेत धरली. तेवढ्यात दादाचा फोन. वेचायला बाया नाहीत, बीटी बियाणं असून बोंडअळी शिरली, आहे तो कापूस आजच घरात आला पाहिजे. शेत गावाला लागूनच. तासाभरात येते म्हणून ट्यूब काखेत तशीच घेऊन गेले. आले तर पाच तास होऊन गेलेले. मायक्रोस्कोपखाली काचेवर लांब फुटवे. नळीच आहे म्हटलं. रजिस्टरात वेळ लिहिली अडीच तास. साधं औषध सुरू.

७ नोव्हें.
ताप १०३. तसूभर उतरला नाही. डॉक्टर म्हणतात वाट पाहू.
उशीर झाला की दुसऱ्या जातीची कळीपण लांबते, नळीसारखी दिसते. हे मले काय माहीत नाही?

८ नोव्हें.
टेस्ट पुन्हा लावली. घड्याळ समोर ठेवून, जागेवरून हलले नाही. एकही नळी नाही. सगळ्या कळ्या, सगळ्यांची मान आवळलेली.
कॉलेजात मॅडमनी चमकणारा रंग लावून दाखवलं होतं. कळी सुटली की मूळ पेशीच्या अंगावर गोल वळ राहतो. बाकी अंगावर वरचा थर पांघरलेला असतो, वळापाशी आतलं उघडं पडतं, आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना यीस्ट तिथं ओळखू येतं. तेव्हा पेपरापुरतं पाठ केलं. मायच्या पांढऱ्या पेशींनी तरी ओळखावं आता, मले तर नाही जमलं.
डॉक्टरांकडे गेले. वेळ खोटी लिहिली, सांगून टाकलं. त्यांनी जुना रिपोर्ट काढून वेळेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पाच तास. आणि आई आहे ही तुमची." औषध बदललं. किडनीला जड आहे म्हणे. पक्की जात कळायला नमुना अकोल्याच्या लॅबला पाठवला. नोकरीचं काही बोलले नाहीत.

१० नोव्हें.
ताप १०१. लघवी कमी. अकोल्याहून रिपोर्ट नाही.
दादा विचारतो, औषध काऊन बदललं. त्याले म्हटलं डॉक्टरले विचार. खोटारडी मेली मी.
दुपारी माय थोडी शुद्धीत. बाजूच्या खाटेवरच्या बाईले सांगत होती, माह्या रगताची तपासणी माही पोरगीच करते, मले काय भेव. मग माझ्याकडे वळली.
"तूच पाह्यलं ना व?"
हाव म्हटलं.