आत्या, तुम्ही झाडून काढलेलं पाचट

प्रिय आत्या,

आज कलिंगडाचा पहिला तोडा झाला. श्रावणात तुम्ही गेलात, त्यानंतर मी एकटीनं लावलेलं हे पहिलंच रान. फळ कसं आलंय हे कळवायला मी लिहीत नाहीये. ते तुम्ही बांधावरूनच ओळखलं असतं. पण करमाळ्याहून तुमची लेक आली होती, आमच्या सुलभाताई. त्यांनी आज रानात उभं राहून मला एक प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. म्हटलं, आता लिहायलाच हवं.

तुम्हाला आठवतं, विहिरीजवळचे वीस गुंठे कलिंगडाला द्या म्हणून मी हट्ट धरला होता? सासूशी असा हट्ट करायची माझी पहिलीच वेळ. तुम्ही म्हणालात, "घे की! पर रान चकाचक पायजे. तण दिसलं तर लोक मला नावं ठिवत्यात, तुला न्हाय."

आणि पहिल्याच वर्षी माझी फजिती झाली. वेल धावायला लागले आणि त्यांच्याबरोबर घोळ, तांदुळजा, आघाडा, सगळं गणगोत धावत आलं. आपण दोघी खुरपी घेऊन बसलो. एक तण उपटलं की वेल उलटायचा, कळ्या गळायच्या. पायाखाली किती शेंडे मोडले! तुम्हाला हे आधीच माहीत होतं, होय ना? "वेलात खुरपं चालत न्हाय" हे तुम्ही शेवटच्या दिवशी म्हणालात. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं हो?

दुसऱ्या वर्षी मी शेजारच्या उसातलं पाचट आणलं. ऊस तोडून नेल्यावर मागं राहिलेला तो वाळका पाला लोक जाळूनच टाकतात. मी तीन ट्रॉल्या भरून आणला आणि रोपं चार पानांवर आल्यावर चार बोटं जाड अंथरला. बुडाशी कुजू नये म्हणून प्रत्येक रोपाभोवती वीतभर जागा मोकळी सोडली. उन्हाचं तोंड दिसलं नाही की तण उगवत नाही, एवढाच हिशोब. वेलांनी जमीन झाकेपर्यंतचा महिना-सव्वा महिना निभावला की झालं. मी तर अगदी खुशीत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर दोन वाफे उघडे! तुम्ही खराटा घेऊन रान झाडत होता. अहो, अंगण झाडावं तसं रान! पाचटाचा ढीग बांधावर आणि काडेपेटी तुमच्या हातात.

"ह्यो काय उकिरडा हाय व्हय?" तुम्ही मलाच दरडावलंत. "लोक म्हंतील, ह्या घरातली म्हातारी मेली का काय!"

मी परत अंथरलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत झाडलंत, तीन वाफे. त्यात साप येऊन बसेल, वाळवी लागेल, उंदरं होतील, तुमची कारणं काही संपेनात. तिसऱ्या दिवशी खराट्याबरोबर दोन रोपंही उपटून आली आणि माझा तोल गेला. मी म्हणाले, "आत्या, उद्यापासनं तुमी रानात यिऊच नका. ह्ये रान माझं हाय."

तुम्ही खराटा बांधाला टेकवलात आणि घराकडे निघालात. तुमची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभी होते.

आठ दिवस तुम्ही आला नाहीत. सुलभाताईंचं लग्न लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा ज्या बाईनं रान चुकवलं नाही, ती आठ दिवस ओसरीवर बसून राहिली! माझं पाचट जागच्या जागी होतं. खाली ओल टिकली होती, तणाचं नाव नव्हतं. सगळं माझ्या मनासारखं झालं होतं आणि मला तिथं करमत नव्हतं. रोज तुम्हाला भाकरी वाढताना ओठावर यायचं, आत्या, चुकलं माझं. आणि मी विचारायचे, आमटी वाढू का?

नवव्या दिवशी तुम्ही आलात. पदराच्या ओट्यात चवळीचं बी होतं. "दोन वाफ्यांमधी जागा किती उघडी सोडलीस बग की! तितं तुजा कचरा पुरणार न्हाय. मोकळी जिमीन दिसली की कोन बी यिऊन बसतंय. आपलं मानूस बसवावं." आणि खाली बसून तुम्ही स्वतःच बी टोबायला सुरुवात केलीत.

चवळी काय फोफावली! मी म्हटलं, फुलावर आली की कापून तिथंच पसरू. "आन् शेंगा?" तुम्ही डोळे वटारलेत. मग कडेची एक ओळ शेंगांसाठी ठेवायची, असा तह झाला. हराळी पाचटानं मरत नाही म्हणालात, तेही तुमचंच खरं ठरलं. मी पाचटाखाली हराळी दाबली आणि ती आतल्या आत मजेत पसरत गेली. यंदा आधी सगळी खणून काढली आणि मगच अंथरलं, तुम्ही सांगितलं होतं तसं.

पण कौतुक म्हणाल तर तोंडातून एकदाही नाही! आल्या-गेल्याला सांगायचात, "बगा, आमच्या सुनंचा उकिरडा." आणि शेजारी पाचट पेटवायला निघाला की तुम्हीच आधी आडव्या जायचात. "काडी लावू नगं रं, आमाला लागतंय त्ये." मला काय ते दिसत नव्हतं?

असे दोन हंगाम आपण काढले. चांगले गेले, आत्या. इतके चांगले की माफी मागायचं राहूनच गेलं. आज मागू, उद्या मागू म्हणता म्हणता तुम्ही निघून गेलात.

तर आज. रोज्याचे दिवस, कलिंगडाला मागणी, मोहोळच्या व्यापाऱ्याची गाडी बांधाला लागलेली. फळ पिकलं का म्हणून मी देठाजवळची वेलाची तार सुकली का बघत होते, फळावर टिचकी मारत होते. सुलभाताई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"वैशाली, तू आईला रानातनं हाकललं हुतंस, खरं का?"

खोटं कसं बोलू? म्हणाले, "व्हय, ताई."

"त्याच दिवशी तिनं मला फोन केला हुता."

"लई रडल्या का?"

"रडली की. मग नाक पुसून म्हनली, म्या बी माज्या सासूला असंच काडलं हुतं, कांद्याच्या वाफ्यातनं. रान आपलं वाटल्याबिगर सून असं बोलत न्हाय बग. म्हनली, आता मला ह्या रानाचा घोर न्हाय."

मी पाचटावरच बसले, आत्या. रडले आणि हसलेही. सुलभाताई घाबरल्या, उन्हाचं काही झालं की काय म्हणून. दोन वर्षं मी हे ओझं वागवत होते आणि तुम्ही लेकीला सांगून मोकळ्या झाला होता! मला का नाही सांगितलंत? एकाच चुलीपुढं बसत होतो ना आपण? की माझ्या तोंडून माफी निघते का, याची वाट बघत होता?

मग आता ऐका. आत्या, चुकलं माझं. रानात येऊ नका असं मी तुम्हाला म्हणायला नको होतं.

मन हलकं झालंय. फळंही गोड निघालीत.

आता एक सांगायचं आहे. दुपारी गौरीचा फोन आला होता. तुमची नात आता शेतकी कॉलेजात शिकते ना! म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी चवळी नको. तिच्यावर माव्याची कीड येते आणि तीच कलिंगडावर उतरते. मधल्या जागेत मटकी लावू." मी फाडकन म्हणाले, "आजीच्या हातचं बी हाय ते! तुला काय कळतंय?" तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी चवळीची पानं उलटून बघितली. मावा आहे, आत्या.

तेव्हा शब्द देते. उद्या सकाळी मीच तिला फोन करीन. पुढच्या हंगामात मधली सगळी जागा तिची, काय पेरायचं ते तिनं ठरवायचं. आणि मी फारच लुडबुड केली म्हणून तिनं मला रानाबाहेर काढलं, तर गुमान जाईन.

रुसणार नाही, असं मात्र सांगत नाही.

तुमची सून,
वैशाली