आमच्या घरातली नाळ

रत्नागिरी, मंगळवार, ९ जानेवारी १९३४

मासेमारी करणाऱ्या खारव्यांची बाळं वाचावीत असं आईला वाटतं, मग स्वतःच्या नातवाच्या बाबतीत तिने असं का केलं?

वर्षभर खारवीवाड्यातल्या सुइणींना शिकवतेय, कात्री उकळा, मगच नाळ कापा. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमची बी.ए. लेक तिकडची बाळं वाचवते हो!" शनिवारी मी तिकडे असताना वहिनी बाळंत झाली. तिच्यासाठी माझी कात्री मुद्दाम घरी ठेवली होती. तरी आईने नाळ कापली विळीने. खोबरं खवायच्या विळीने!

"ती कात्री कुठकुठल्या घरांतून फिरलेली," आई शांतपणे म्हणाली. "तुझीही नाळ विळीनेच कापली. मेलीस का?"

बाळ अजून दूध ओढतंय. पण धनुर्वात आठवड्याने दिसतो. आणि ती विळी आज पुन्हा चुलीपाशी, खोबऱ्याचे कण चिकटलेली.

आज सुईण जानकीने विचारलं, "बाय, तुमच्याकडं कात्रीच वापरलीत ना?" हो म्हणणं सोपं होतं. खरं सांगितलं तर उद्यापासून कात्री कोण उकळणार? तरी मी सगळ्या सुइणींसमोर सांगून टाकलं, आईचं नाव घेऊन. आणि मला बाळासाठी भीती वाटते, हेही.