गोधडीची न्याहारी

॥ श्री ॥

लासुर्णे,
८ नोव्हेंबर १९५५

ती. सौ. सारजाअक्कास,
धाकट्या रतनचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. पाय कसा आहे विचारतेस. उसाच्या गाडीवरून पडले त्यानंतर पुरा पावसाळा गेला. हाड जुळले, पण उजवा गुडघा मुडपत नाही. काठी टेकत चालते. ह्यांनी चूल ओट्यावर उचलून घेतली, त्यामुळे भाकरी उभ्याने होतात. तेवढ्याचे काही नाही. पण अक्का, मला जमिनीवर बसता येत नाही, आणि गोधडी जमिनीवर बसल्याशिवाय होत नाही. कापडाचे थर अंथरायचे, त्यांच्यावरच मांडी घालायची आणि कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे सरकायचे. आईने आपल्या दोघींना असेच शिकवले.

गावातल्या बायका जुन्या लुगड्यांची गाठोडी माझ्याकडे टाकून जायच्या. आता एकेक जण येते, पायाची चौकशी करते आणि जाताना आपले गाठोडे उचलून नेते. वाईट कोणीच बोलत नाही. शेजारची धोंडाबाई तर म्हणाली, जीव वाचला ना तुझा, मग गोधड्यांचं काय एवढं. तिला काय सांगू? पडवीतली जागा रिकामी होते आहे ती मला दिसते. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारणारी बाई मला व्हायचे नाही.

दवाखान्यात एक नर्सबाई स्टुलावर बसून रजई शिवत असे. दोन लांब दांड्या, त्यांच्यावर दोन्ही टोकांनी कापड गुंडाळलेले, मधला भाग ताणलेला, खाली पाय. शिवून झाले की एका दांडीवर गुंडाळायचे आणि दुसरीवरून सोडायचे. सोबत चित्र काढले आहे. अशी चौकट सुताराकडून करून घे. कात्रीही चांगली हवी. माझी लोहाराची कात्री चार थर कापत नाही, चावते. बोटात घालायला पितळी अंगुस्तान आणि विलायती सुया.

ह्यांच्याबरोबर माझे चांदीचे तोडे पाठवते आहे, ते मोड. घोटा सुजल्यापासून ते चढत नाहीत. ह्यांना विचारले तर म्हणाले, पायातलं पायासाठीच जातंय. आत्याबाईंना मात्र सांगितलेले नाही. सासू आहेत, ऐकणार नाहीत. तू रागावशील. राग पत्रात लिही, पण काम कर.

दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
रतन

॥ श्री ॥

बारामती,
२१ नोव्हेंबर १९५५

चि. सौ. रतन हिस,
सारजाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

राग लिही म्हणालीस म्हणून आधी तो लिहिते. तोडे मोडून लाकूड घेणारी बाई आपल्या सात पिढ्यांत झाली नाही. सोपानरावांनी ते पुढ्यात ठेवले तेव्हा तुझे दाजी म्हणाले, मेव्हणीची अक्कल गुडघ्यात हुती, आन् नेमका गुडघाच मोडला. मी म्हटले, तुमची तर अजून गुडघ्यापर्यंतसुद्धा चढली नाही. राग संपला.

दाजी बियाण्यासाठी पुण्याला गेले होते, तिथून कात्री आणली. शिंपी वापरतात ती, हाताला जड. मी जुनी घोंगडी चौघडी करून कापून पाहिली. काकडी चिरावी तशी गेली. दाजी विचारतात, घोंगडी कुठं गेली. मी सांगितलेले नाही. अंगुस्तान माझ्याच बोटावर बसवून घेतले, लहानपणी आपण एकमेकींच्या अंगठ्या घालायचो ते आठवून. सुयांचे पाकीट आहे.

चौकटीचे काम महिपती सुताराला दिले. त्याने तुझे चित्र आडवे-उभे धरून पाहिले. म्हणाला, वैनी, ह्यो माग म्हणावा तर माग न्हाय, खाट म्हणावी तर खाट न्हाय, पर करतो. सागवानाची करतो आहे. काटेवाडीचा भाजीवाला त्या बाजूला गाडी घेऊन जातो, त्याच्याबरोबर पाठवीन.

मनातले एक लिहू? मला भीती वाटते, रतन. एवढे सगळे करून जमले नाही तर तू आणखी खचशील. चार महिने माझ्याकडे येऊन विसावा घे. नाही तरी तू ऐकणार नाहीस, पण मोठ्या बहिणीने म्हणायचे असते.

सोपानरावांना आशीर्वाद. पत्राची वाट पाहायला लावू नकोस, माझा जीव तिकडेच असतो.

तुझी
सारजा

॥ श्री ॥

लासुर्णे,
१४ डिसेंबर १९५५

ती. सौ. सारजाअक्कास,
रतनचा शि. सा. न. वि. वि.

चौकट पोचली. कशी पोचली ते ऐक. धूळ बसू नये म्हणून तुझ्या सुताराने ती पांढऱ्या कापडात बांधली. दोन लांब दांड्या, मधे आडव्या पट्ट्या, वर पांढरे कापड! वेशीपासून लोक टोप्या काढून हात जोडत होते. भाजीवाल्याला वाटले, या गावात आपल्याला मान फार. गाडी आमच्या दारात थांबली तशी धोंडाबाई, रतन गं, म्हणून ऊर बडवत धावत आली. मी काठी टेकून दारातच उभी. मला बघून ती दचकली, आणि मग आणखी जोरात रडली.

आत्याबाईंनी उंबऱ्यातच अडवले. म्हणाल्या, तिरडी घरात घ्यायची न्हाय. हे आणायला काय मोडले, तेही त्यांना तेव्हाच कळले. त्यांनी नुसते माझ्या रिकाम्या पायांकडे पाहिले आणि आत गेल्या. चौकट गोठ्यात लावली आहे. म्हशीशेजारी बसून शिवते. म्हशीची काही तक्रार नाही.

अक्का, पहिल्या दिवशी स्टुलावर बसले, पाय चौकटीखाली सरळ सोडला आणि सुई घातली. कापड ताणलेले, एक चुणी नाही. पूर्वी थर सरकू नयेत म्हणून चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, मिळेल ते ठेवायचे. थंडीत बोटाला चिरा पडायच्या आणि दोऱ्याला रक्त लागायचे. आता अंगुस्तानाने सुई रेटली की चारही थरांतून पार होते. कात्री एकदा दाबली की काम झाले. ही इतकी वर्षे मी हाताला सोसायला लावत होते, आणि हात आपला मुकाट्याने सोसत होता. चांगले हत्यार हाती आले की आपल्या कामाची किंमत आधी आपल्यालाच कळते, असे मला त्या दिवशी वाटले. तोडे घालून मला असे कधी वाटले नव्हते.

पहिली गोधडी गेणबाच्या शकुबाईची. सगळ्यांची गाठोडी गेली, तिने तिचे नेले नव्हते. ओळी इतक्या भराभर जातात की दिवस कमी पडतो.

दाजींना घोंगडीचे सांगून टाक. तुझ्या मायेची ऊब इथवर पोचते, ती तशीच राहू दे.

तुझी
रतन

॥ श्री ॥

लासुर्णे,
९ जानेवारी १९५६

ती. सौ. सारजाअक्कास,
रतनचा शि. सा. न. वि. वि.

शकुबाईने गोधडी परत आणली.

टाक्यांचे तिने कौतुक केले. उलटी केली, सुलटी केली, मधोमध हात फिरवला आणि विचारले, हिचं पोट कुठं हाय?

आईची रीत मला तेव्हा आठवली. कडेकडेने शिवत आत गेले की मधोमध तळहाताएवढी जागा उरते, तेच तिचे पोट. तिथे भाकरीचा तुकडा ठेवून ती सगळ्यांत शेवटी बंद करायची, गोधडीला जेवू घालायचे. आईने घातल्याशिवाय कधी दोरा तोडला नाही. चौकटीवर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओळी जातात. मधला भाग असा उरतच नाही. पुढे सरकण्याच्या आनंदात हे माझ्या ध्यानातच आले नाही. शकुबाई म्हणाली, रतन, तू वाईट वाटून घिऊ नगं, पर उपाशी गोधडी मी माझ्या लेकरांवर घालायची न्हाय. आत्याबाई ओसरीवरून ऐकत होत्या. ते मला जास्त लागले.

धोंडाबाई सुचवते, वरून एक चौकोनी ठिगळ लाव, आत भाकरी कोंब, कुणाला कळतंय. मला कळते ना. ते वरून चिकटवलेले पोट झाले, थरांच्या आतले नव्हे.

पूर्ण गोधडी उसवायला घेतली आहे. उसवायलाही तुझी कात्री बरी, टोक बारीक आहे. काहीतरी वाट निघेल. नाही निघाली तर मी काढीन.

आज जास्त लिहवत नाही. तू आहेस, एवढे मनाशी धरून आहे.

तुझी
रतन

॥ श्री ॥

बारामती,
१७ जानेवारी १९५६

चि. सौ. रतन हिस,
सारजाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले आणि दोन्हीदा चूल विझली. आता माझे ऐक. चौकट गाडीवर घाल आणि इकडे ये. आमची मागची खोली रिकामी आहे, उजेड चांगला येतो. इथे पेठेतल्या बायका टाका बघतात, रंग बघतात; पोट कोणी विचारत नाही. कचेरीतल्या एका साहेबांच्या बायकोला मी नुसते सांगितले तर ती आत्ताच एक मागते आहे. दाजीही म्हणतात, येऊ दे, घरात हसायला कोणीतरी होईल.

आईची लुगडी माझ्याकडे आहेत. ते हिरवे, आणि मळ्यात नेसायची ते. इतकी वर्षे त्यांना हात लावायचा मला धीर झाला नाही. ती तू इथे माझ्यासमोर बसून शिव. तिथे उपाशी-भरल्या पोटाचा हिशेब देत राहण्यापेक्षा हे बरे नाही का?

सोपानरावांशी बोल. मी खोली झाडून ठेवते. बहिणीचे घर आहे, परके नव्हे, एवढे विसरू नकोस.

तुझी
सारजा

॥ श्री ॥

लासुर्णे,
११ एप्रिल १९५६

ती. सौ. सारजाअक्कास,
रतनचा शि. सा. न. वि. वि.

ह्यांना पाठवून आईची लुगडी मागवून घेतली, तेव्हाच तू ओळखले असशील की मी येत नाही. इतके दिवस लिहिले नाही, कारण नुसते पत्र पाठवायचे नव्हते. सोबत तुझी गोधडी आहे.

बारामतीला मी आले असते तर शिवले असते, हे खरे. पण शकुबाईने जे विचारले ते बरोबरच विचारले होते. तिच्या प्रश्नाला उत्तर न देता गाव सोडले असते, तर चौकटीवर बसले की रोज तोच प्रश्न समोर आला असता.

उसवलेले कापड खाटेवर पसरून मी नुसती बघत बसले होते. पहाट सरत होती. आत्याबाई ऊसतोडीला निघालेल्या गड्यांना न्याहारी देत होत्या. त्यांतला सर्जेराव म्हणाला, आल्यावर खातो म्हातारे. त्या खवळल्या. म्हणाल्या, उपाशी पोटी कोयता धरायचा न्हाय माझ्या दारातनं, आदी खा, मग कामाला लाग. मी तशीच काठीशिवाय उठले. म्हटले, आत्याबाई, गडी आधी खातो मग राबतो, तर गोधडीने सगळी शिवण होईस्तोवर उपाशी का राहायचे? तिला न्याहारी दिली तर?

 गडी खायचे थांबले. आत्याबाई म्हणाल्या, तुझ्या आयनं तुला वकील करायची सोडून सुई कशापाई दिली गं हातात? आणि टोपल्यातल्या भाकरीचा पापुद्रा मोडून माझ्या तळहातावर ठेवला.

आता मी अशी शिवते: थर लावले की खाटेवरच मधोमध चौकोन आखायचा, आत भाकरी ठेवायची आणि चारी बाजूंनी टाके घालून पोट आधी बंद करायचे. मग दोन्ही टोके दांड्यांवर गुंडाळायची, म्हणजे पोट बरोबर मधे येते, आणि तिथून एकदा या कडेकडे, एकदा त्या कडेकडे शिवत जायचे. आई कडेकडून मध्याकडे यायची, मी मध्याकडून कडेला जाते. शकुबाईने चौकोन बोटांनी चाचपला. डोळे मिटून चाचपला. म्हणाली, जेवलीय. आणि गोधडी डोक्यावर घेऊन गेली. त्यानंतर पायाची चौकशी करायला बायका पुन्हा येऊ लागल्या, या वेळी गाठोड्यांसकट. बावड्याहूनही एक आले आहे.

चौकट आता पडवीत आहे. आत्याबाईंनीच आणायला लावली. म्हणाल्या, गोठ्यात म्हस टक लावून बघती, दिष्ट लागंल कामाला. भाकरीचा तुकडा मोडून द्यायचे कामही त्यांनी स्वतःकडे घेतले आहे, दुसऱ्या कोणी दिलेला चालत नाही.

आता तुझ्या गोधडीचे सांगते. हिरवे लुगडे वर आहे, मळ्यातले आत. एका दुपारी मी विहिरीवरून आले तर पडवीत हालचाल दिसली. आत्याबाई माझ्या स्टुलावर बसल्या होत्या. पाय जमिनीला टेकत नव्हते. अंगुस्तान बोटात सैल होत होते म्हणून त्यांनी आत चिंधी घातली होती. डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे नाक कापडाला टेकवून टाका-टाका घालत होत्या आणि स्वतःशीच म्हणत होत्या, बरं हाय गं, बरं हाय, कंबर न्हाय दुखत. मी भिंतीआड उभी राहिले. त्यांची ओळ पुरी होऊन त्या उठेपर्यंत हलले नाही. 

चौकोनाच्या डाव्या अंगाला ती ओळ तुला सापडेल. सुरुवातीला सरळ आहे, मग भरकटत काठापर्यंत गेली आहे. मी उसवली नाही. आईच्या लुगड्यावर दुसऱ्या कोणाचा हात कसा पडू दिलास म्हणून तू रागावणार असशील, तर रागाव. गोधडी मी परत घेणार नाही.

दाजींना सा. न. माझ्यावर आहे तेवढीच माया त्या वाकड्या ओळीवरही असू दे.

तुझी
रतन