मागच्या खोलीतले रूळ

मल्लेश्वरम, बंगलोर
१२ सप्टेंबर १९९४

ती. हेमाताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्यासाठी मागची खोली रंगवून झाली. भावोजी गेल्यापासून मिरजेत एकटी राहतेस, ते आता पुरे. दिवाळीत सामान बांधून कायमची इकडे ये.

आता एक लहानसा प्रश्न. रिटायर झाल्यावर वेळ जावा म्हणून मी विजेवर चालणारी छोटी रेल्वे मांडतो आहे. खेळणं म्हणू नकोस. रूळ जर्मन सिल्व्हरचे घेणार. पितळी स्वस्त, पण काळे पडले की वीज अडते. सांधे, म्हणजे जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा, विजेचे घ्यावे की हाताने फिरवायचे, यावर विचार चालू आहे. खरी पंचाईत वळणाची. अरुंद वळणावर लांब डबे पडतात. रुंद घ्यावं तर फळी मोठी होते, आणि सौ. प्रतिमा ती हॉलमध्ये मांडू देत नाही. राहिली तुझी खोली. तेव्हा विचारतो, रागावू नकोस: तुला सहा फुटी खाटच लागते का? तू जेमतेम पावणेपाच फूट. पाच फुटी करून द्यायला सुतार तयार आहे.

प्रकृतीस जप. लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.

तुझा,
रत्नाकर


मिरज
२० सप्टेंबर १९९४

चि. रत्नाकरास अ. उ. आ.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ऐकलं होतं. पाय पाहून अंथरूण कापणारा तूच पहिला! बहिणीचं माप घेताना फूटपट्टी लावलीस की नजरेनेच?

मी येत नाही. माझं इथे छान चाललं आहे. शेजारी सुचेताबाई आहेत, गुरुवारचं भजन आहे. तू खुशाल रुंद वळण घे, खोलीभर रूळ पसर. मला कुणाची अडगळ व्हायचं नाही, आगगाडीची तर मुळीच नाही.

प्रतिमाला सांग, लोणच्याची बरणी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवीन. माया कमी झालेली नाही, राग मात्र आला आहे.

हेमाताई


बंगलोर
१६ ऑक्टोबर १९९४

ती. वन्संना,
प्रतिमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून ह्यांचा चेहरा उतरला. तडक गेले आणि अरुंद वळणाचे रूळ घेऊन आले. आता फळी छोटी आहे आणि तुमची खाट सहा फुटी. पण तसं तुम्हाला लिहा म्हटलं तर पेपर उघडून बसतात. चुकलो म्हणणं ह्यांच्या किती जिवावर येतं, तुम्हाला ठाऊकच आहे.

मग आली खंडेनवमी. इथे तिला आयुधपूजा म्हणतात. रिक्षापासून कारखान्यापर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. ह्यांनी जन्मभर कारखान्यातल्या यंत्रांची पूजा केलेली, मग रेल्वेची नको? प्रत्येक सांध्याला हळदकुंकू, रुळांना गंध, इंजिनावर झेंडू! समोरचे जयसिंगराव सहकुटुंब आले. नारळ फुटला, बटण दाबलं, आणि गाडी ढिम्म. कुंकवाने वीज अडवली होती. जयसिंगराव म्हणाले, आमच्या स्कूटरला तर कुंकू चालतं बुवा. पुसून पुसून एकदाची सुरू केली, तर पहिल्याच वळणावर तीन डबे प्रसादाच्या ताटात!

आम्ही सगळे पोट धरून हसलो, हे हसले नाहीत. मंडळी गेल्यावर म्हणाले, ताई असती तर आधी मला झापलं असतं आणि मग स्वतः रूळ पुसायला बसली असती. वन्सं, रिटायर झाल्यापासून हे दिवसदिवस कुणाशी बोलत नाहीत. मला एकटीला बघवत नाही हो. खाटेचं ते मूर्खासारखं लिहिलं, पण तुम्ही यावं म्हणून खोली ह्यांनी स्वतः रंगवली आहे. राग जरा बाजूला ठेवा आणि या.

तुमची माया आमच्यावर राहू दे.

प्रतिमा


मिरज
२२ ऑक्टोबर १९९४

चि. रत्नाकरास अ. उ. आ.

कुंकू लावून रेल्वे बंद पाडणारा इंजिनिअर आपल्याच घरात निपजला! प्रतिमाचं पत्र वाचताना मी एकटीच मोठ्याने हसले. हसून झाल्यावर घर पुन्हा चिडीचूप झालं, ते मात्र सोसवेना. सुचेताबाईही गेल्या आठवड्यात मुलाकडे निघून गेल्या. मला आता इथे करमत नाही रे.

ते अरुंद वळण दुकानदाराच्या गळ्यात परत मार. रुंद घे. माझी खाट विटांवर चढव आणि लाइन खालून ने, एवढं साधं तुझ्या डोक्यात कसं आलं नाही? सांधे हाताचेच घे, आणि त्यातले दोन माझ्या उशाशी हवेत. मी सांधा फिरवल्याशिवाय माझ्या खाटेखालून एक डबा जाता कामा नये. दुपारी माझी झोप होईपर्यंत वाहतूक बंद.

घरमालकाला जागा सोडत असल्याचं सांगितलं आहे. भाऊबीजेच्या सकाळी पोचते. त्या दिवशी भावाने बहिणीच्या घरी ओवाळून घ्यायला जायचं असतं. यंदा मिरजेपर्यंत नको, मागच्या खोलीपर्यंत ये.

प्रतिमाला आशीर्वाद. तुम्हा दोघांचा लोभ आता रोजच लागणार आहे.

तुझी,
हेमाताई