दगडाची नाडी

कोल्हार, रविवार संध्याकाळ. कार्तिक, सन १९४३.

थकलो आहे, पण आजची चूक लिहून ठेवलीच पाहिजे.

दुपारी मेहबूबभाई खोकल्याचे औषध न्यायला आले. नाडीवर तीन बोटे ठेवली, तर ती उधळलेली. म्हटले, "आठ दिवस पेरणीचे नाव काढू नका." ते म्हणाले, "वैद्यबुवा, खोकला सोडून मला काय बी न्हाई. जमिनीत ओल हाय तवर पेराया नको?" मी उगाच त्यांच्यावर चिडलो.

ते गेल्यावर औषध घोटायला बसलो. हात थांबला, बोटे खलाच्या कडेवर टेकली, आणि त्या दगडालाही नाडी लागली. तीच, उधळलेली. म्हणजे मघाशी पाहिली ती माझीच?

तेव्हा दोन वाजले होते. टपालवाल्याची वेळ. वसंता लढाईवर गेल्यापासून दोन वाजले की माझे कान दाराशी लागतात, नाडी धावू लागते. पोराचे तीन महिने पत्र नाही. पण आज रविवार, टपाल येतच नाही. हे मला ठाऊक आहे. शरीराला कोणी सांगायचे?

आत्ता पुन्हा खलावर बोटे ठेवून पाहत होतो, तर ही दिवा घेऊन आली. "कोणाची नाडी बघताय?" सगळे सांगितले. ती हसली नाही. म्हणाली, "मेहबूबभाईंना उद्या पेरायला सांगा. आणि आठ दिवस तुम्ही कोणाचा हात धरू नका."

या तीन महिन्यांत माझ्या दुखण्याचे औषध मी किती जणांना दिले असेल?